तिथे दादर-डोंबिवलीचा पाऊण तास कुठून आणशील?

पत्र:

ताई, नमस्कार. मी २६ वर्षांची. डोंबिवलीला राहते, दादरच्या एका क्लासमध्ये आठवी-नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झालं, मग इंग्रजी घेऊन एम. ए. केलं. उत्तर इटलीतल्या एका लहान गावात समर कॅम्पमध्ये मुलांना इंग्रजी शिकवायची संधी चालून आली आहे. जूनच्या मध्यापासून जुलैअखेर, सहा आठवडे. राहणं-जेवण कॅम्पमधल्याच एका मुलाच्या घरी, शिवाय आठवड्याला थोडे पैसे. ज्या गृहस्थांनी हे जुळवून आणलं ते म्हणतात, टुरिस्ट व्हिसावर जा, कोणी विचारत नाही. आईचा जीव थाऱ्यावर नाही. परक्याच्या घरात कशी राहणार, खाणार काय (आम्ही शाकाहारी आहोत), असं तिचं सारखं चाललंय. मला मात्र वेगळीच भीती वाटते. माझे उच्चार ऐकून ती मुलं हसली तर? तुम्ही हे केलेलं आहे म्हणून विचारते. तिथला दिवस असतो कसा? जाऊ का?
– डोंबिवलीकर

उत्तर:

अगं, आधी व्हिसाचं बोलू. ते चुकलं तर पुढचं काहीच बोलायला नको.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन शिकवू नकोस. शेंगेनचा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला, टुरिस्ट व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो, पण काम करू देत नाही. तू सकाळी साडेआठपासून साडेचारपर्यंत मुलं सांभाळणार, त्याबद्दल तुला राहायला, जेवायला आणि वर पैसे मिळणार. त्याला पॉकेटमनी म्हणा नाहीतर मानधन, ते काम आहे. इटलीत युरोपबाहेरच्या माणसाला कामावर घ्यायचं तर तिथल्या मालकाला आधी सरकारी ना-हरकत काढावी लागते, तिला ते ‘नुल्ला ओस्ता’ म्हणतात. बऱ्याच नोकऱ्यांसाठी वर्षाचा कोटाही ठरलेला असतो. ती ना-हरकत आली की इथून कामाचा व्हिसा मिळतो, आणि तिथे उतरल्यावर कामाच्या ८ दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. हे सगळं वेळखाऊ आहे, म्हणूनच कोणीतरी तुला सोपी वाट दाखवतोय. त्या वाटेने गेलीस आणि आजारी पडलीस, पैसे बुडाले, घर बदलायची वेळ आली, तर कोणाच्या दारात जाऊन दाद मागशील?

त्या गृहस्थांबद्दलही एक बघून घे. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदलेल्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर आहे. त्यांचं नाव त्यात नसेल तर त्यांना एक रुपयाही देऊ नकोस आणि थेट कॅम्पवाल्यांशी बोल. मी गेले तेव्हा माझी सगळी कागदपत्रं तिथल्या संस्थेने काढली होती. त्यात पाच महिने गेले आणि मधेमधे मला वाटायचं की हे काही होत नाही. झालं. तुझंही या जूनपर्यंत झालं नाही तर पुढच्या जूनला जा. सव्विसाव्या वर्षी एक उन्हाळा थांबल्याने काही अडत नाही.

आता दिवसाचं. तू नेमकं हेच विचारलंस याचं मला बरं वाटलं, कारण जाणाऱ्या मुली बहुतेक व्हेनिसबद्दल विचारतात.

इटलीतल्या शाळा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बंद होतात आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघडत नाहीत. तीन महिने! आईवडील दोघंही कामावर, मग मुलांना ठेवायचं कुठे, म्हणून गावोगाव हे कॅम्प. त्यामुळे तुझ्यासमोर इंग्रजीच्या ओढीने आलेली मुलं नसतील. झोपेतून उठवून आणलेली, मित्राच्या शेजारी बसायला मिळालं म्हणून आलेली, आईवर रुसलेली अशी मुलं असतील. सकाळी सात वाजता घरात दूध आणि बिस्किटं. न्याहारी तेवढीच, गरम काही मिळेल अशी आशा ठेवू नकोस. साडेआठला मुलं यायला लागतात. सगळ्यांना गोल उभं करून गाणी, हातवारे, आरडाओरडा. मग वयाप्रमाणे गट आणि दीड तास शिकवणं. साडेदहाच्या सुमारास छोटी सुट्टी, मग खेळ, कागदकाम, चिकटवाचिकटवी. साडेबाराला जेवण. दुपारी दोन ते साडेचार हा सगळ्यात अवघड भाग. उत्तर इटलीत, पो नदीच्या खोऱ्यात, जुलैत पारा सहज पस्तिशीला जातो, हवा आपल्यासारखीच दमट असते, डासही भरपूर, आणि डोक्यावर पंखा असेलच असं नाही. घरोघरी खिडक्यांच्या झडपा दिवसभर मिटून ठेवतात त्या ऊन आत येऊ नये म्हणून. त्या वेळात नवीन काही शिकवायला जाऊ नकोस. पाण्याचे खेळ आणि शुक्रवारच्या नाटुकल्याची तालीम, एवढंच ठेव. शुक्रवारी पालक येतात, पोरं चार वाक्यं इंग्रजीत बोलतात, आज्या डोळे पुसतात. कॅम्पवाल्यांचं सगळं लक्ष त्या शुक्रवारकडे असतं, म्हणून सोमवारपासूनच ती चार वाक्यं डोक्यात ठेव.

खेळांची पुस्तकं विकत घेऊ नकोस. आपण लहानपणी ‘शिवाजी म्हणतो’ खेळलो ना, शिवाजी म्हणतो हात वर, शिवाजी म्हणतो एका पायावर उभे राहा? तोच खेळ इंग्रजीत ‘सायमन सेज’ म्हणून जगभर चालतो, आणि ऐकून कृती करत भाषा शिकायचा तो उत्तम मार्ग आहे. रुमाल मधे ठेवून दोन बाजूंनी पळत येऊन पळवायचा खेळ त्यांच्याकडेही आहे, ते त्याला ‘रुबा बांदिएरा’ म्हणतात. नुसते आकडे इंग्रजीत पुकारलेस तरी झाला धडा. ‘मामाचं पत्र हरवलं’ मी जसाच्या तसा मराठीत शिकवला. इंग्रजीच्या कॅम्पमध्ये मराठी कशाला, असं एका सहकारी मुलीने विचारलंही. पण आपल्या टीचरची एक वेगळी भाषा आहे आणि तीही इंग्रजी शिकूनच आली आहे, हे त्या दिवशी मुलांना कळलं. त्यानंतर इंग्रजी बोलताना चुकायला ती घाबरेनाशी झाली.

उच्चारांच्या तुझ्या भीतीबद्दल हेच सांगायचं होतं. पहिल्या आठवड्यात सात वर्षांचा एक मुलगा जेवणाआधी माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘टीचर, आय अ‍ॅम अँग्री.’ मी त्याला बाजूला घेतलं, काय झालं, कोणी मारलं का, सगळं विचारून झालं. तो आपला रडकुंडीला येऊन पुन्हा पुन्हा तेच. शेवटी त्याने पोटावर हात ठेवला. भूक लागली होती बिचाऱ्याला, त्याला ‘हंग्री’ म्हणायचं होतं. इटालियनमध्ये ‘ह’ लिहितात पण उच्चारत नाहीत, त्यामुळे त्यांचं ‘हेड’ ‘एड’ होतं आणि ‘हँड’ ‘अँड’. दुसऱ्या दिवशी मी टिश्यू पेपरच्या पट्ट्या कापून नेल्या. पट्टी तोंडासमोर धरायची, ‘अँग्री’ म्हटलं तर ती हलत नाही, ‘हंग्री’ म्हटलं की सुरुवातीलाच उडते. वर्गभर पट्ट्या उडायला लागल्या. आपल्याला हे सुचतं कारण ‘क’ आणि ‘ख’, ‘ग’ आणि ‘घ’ यांत श्वासाचा फरक आहे हे आपण पहिलीत मुळाक्षरं घोकताना शिकलेलो असतो. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना ‘ह’ कुठे अडतो हे समजावून सांगावं लागलं.

तसंच ‘शिप’ आणि ‘शीप’. इटालियन कानाला ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक सहज पकडता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घासाठी शुद्धलेखनात मार्क गमावलेल्या आपल्या पिढ्यांना ते दुखणं माहीत आहे. आणि शब्दाच्या शेवटी व्यंजन आलं की ते मागे एक स्वर लावतात, ‘बिग’चं ‘बिगे’. हसू नकोस, तुलाही कोणी हसणार नाही. तुझ्या स्वतःच्या उच्चारांत एकच गोष्ट आतापासून घोटून घे. आपल्याकडे ‘व’ एकच आहे, इंग्रजीत दोन. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम, त्याला ओठ गोल. बनियनवाल्या ‘व्हेस्ट’ला वरचे दात खालच्या ओठावर. दादरहून घरी जाताना रोज दहा शब्द म्हण, महिन्यात बसतं. बाकी तुझं इंग्रजी मुंबईतल्या शिकलेल्या मुलीचं इंग्रजी आहे आणि ते तसंच राहू दे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तू ती विचारलेली नाहीस, पण दमवते तीच.

मी तेव्हा ठाण्याला राहायचे आणि परळच्या शाळेत शिकवायचे. शाळा सुटली की लेडीज डब्यात पाऊण तास. गर्दी, घाम, भाजी निवडणाऱ्या बायका, सगळं होतं, पण त्या पाऊण तासात माझ्याकडे कोणी काही मागत नव्हतं. शाळेतली बाई गाडीत चढायची आणि घरातली सून उतरायची. मधल्या वेळात मी कोणीच नसायचे. मला ते कधी जाणवलं नाही, कारण ते रोजचं होतं. तिथे गेले, आणि शाळेपासून घर चालत आठ मिनिटं. घरी कोण, तर माझ्याच वर्गातली नऊ वर्षांची मुलगी, तिचा भाऊ, आई, बाबा, खालच्या मजल्यावर आजी. फार मायेची माणसं. मुलगी दारातच हात धरायची, टीचर खेळू. आईला स्वतःचं इंग्रजी सुधारायचं, म्हणून ती माझ्याशी बोलत बोलत स्वयंपाक करायची. जेवण आठला, ते दहापर्यंत चालायचं. जूनमध्ये तिथे सव्वानऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे आपण थकलोय हे शरीरालाही उशिरा कळतं. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी माझा आवाज बसला. पूर्ण. वर्गात उभी राहिले आणि घशातून नुसती हवा. घरी येऊन न्हाणीघराची कडी लावून बसले, कारण कडी लावता येईल अशी तेवढीच जागा होती. कोणी वाईट वागलं नव्हतं, तरी रडू येत होतं.

त्या शनिवारी मी त्या मुलीच्या आईला सांगितलं की कॅम्प सुटल्यावर मी एक तास फिरून मगच घरी येत जाईन. वाईट वाटेल म्हणून चार दिवस शब्द जुळवत होते. ती म्हणाली, ‘पास्सेज्जाता?’ आणि हसली. संध्याकाळी सावकाश फिरायला जाणं ही तिथली जुनी रीत आहे, आपल्याकडे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जातात तशी. गावाबाहेर पाण्याचा एक पाट होता आणि त्याच्या पलीकडे भाताची खाचरं. तो भाग नोवाराकडचा, तिथे पिढ्यान्पिढ्या भात पिकतो. जूनमध्ये रोपं पाण्यात उभी, बेडूक ओरडतायत, वर बगळे. कोकणात उतरल्यासारखं वाटायचं. पाटाच्या कठड्यावर मी रोज पाऊण तास बसायचे. पुस्तक नाही, फोन नाही. त्यानंतरचे आठवडे मी तीच माणसं, तीच जेवणं मनापासून आनंदाने घेतली. ती मुलगी आता मोठी झाली आहे, अजून दिवाळीला तिचा मेसेज येतो.

तेव्हा तू पहिल्याच दिवशी सांग, दुसऱ्या आठवड्याची वाट बघू नकोस. ‘पाच ते सहा मी फिरायला जाते, मग आपण खेळू.’ लेकरालाही वेळ ठरलेली असली की ते वाट बघतं, मागे लागत नाही. आणि तो तास आईच्या फोनला देऊ नकोस. हे तुला कठोर वाटेल. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. सकाळी सव्वासातला तू दूध-बिस्किटं खात असशील तेव्हा इथे पावणेअकरा वाजलेले असतात, सकाळची गडबड उरकून आई टेकलेली असते. तेव्हा दहा मिनिटं बोल. संध्याकाळी फोन केलास की ती ‘दमलीस का गं’ विचारेल, तू ‘नाही’ म्हणशील आणि गेलाच तुझा तास.

खाण्याचं. आईला सांग, उपाशी राहायची वेळ येत नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतात. ‘मांस नको’ म्हटलंस तर बरेचजण हॅम आणि टूना त्यात धरत नाहीत. म्हणून तिन्ही वेगळं सांगायचं: कार्ने (मांस) नाही, पेशे (मासे) नाही, प्रोश्युत्तो (हॅम) नाही. भात बघून आनंद होईल, पण रिझोत्तो, म्हणजे त्यांचा मऊ भात, बरेचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात, विचारून घे. पाकिटातला सुका पास्ता रवा आणि पाण्याचा असतो, ताज्या पास्त्यात मात्र बहुधा अंडं असतं. आणि तुमच्या घरी किती कडक पाळतात मला ठाऊक नाही, पण पास्त्यावर किसून घालतात ते पार्मिज्यानो चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने बनवतात. हे मला तिथे तीन आठवड्यांनी कळलं. तुला आधी कळावं. टोमॅटोचा पास्ता, पोलेंता म्हणजे मक्याची उकड, न्योकी म्हणजे बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे (अंड्याचं विचारून), भाज्या, फळं यांवर सहा आठवडे छान जातात. इथून मेतकूट, गोडा मसाला, जाडे पोहे ने. तूप, पेढे, खव्याचं काहीही नेऊ नकोस, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. आंब्याची पेटी भेट म्हणून नेण्याचा मोह होईल, तोही आवर. वनस्पती-तपासणीच्या दाखल्याशिवाय आंबा आत जात नाही. २०१४ मध्ये तर फळमाशी सापडल्यामुळे युरोपने आपला आंबाच काही महिने बंद केला होता. भेट म्हणून वारलीच्या चित्राची छोटी चौकट ने, भिंतीवर राहते. एका रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात कांदेपोहे कर. लिंबू, कांदा, बटाटा तिथे मिळतोच.

कोणी सांगत नाही अशी एक-दोन बारकी कामं. नळावर ‘सी’ लिहिलेलं असेल तर ते थंड समजू नकोस, ‘काल्दो’ म्हणजे गरम, हात भाजेल. संडासात जेट नसतो, पण शेजारी बिदे, म्हणजे धुण्यासाठी नळ असलेलं बसकं भांडं, असतं. १९७५ पासून तिथे प्रत्येक घरात एका तरी न्हाणीघरात ते असावं असा नियम आहे, त्यामुळे ती काळजी सोड. घरात घालायच्या सपाता ने.

आईची पहिली भीती मात्र रास्त आहे आणि ती तू झटकून टाकू नकोस. तिकीट काढायच्या आधी त्या कुटुंबाचं नाव-पत्ता मागून घे, व्हिडिओ कॉल कर आणि त्या वेळी आईला शेजारी बसव. तिला इंग्रजी नाही आलं तरी चालेल, माणसं बघून तिला जे कळेल ते तुला-मला कळणार नाही. झोपायला दार असलेली वेगळी खोली आहे का, घर पटलं नाही तर बदलून मिळतं का आणि त्यासाठी कोणाला फोन करायचा, हे लेखी विचार. युरोपभर तातडीच्या मदतीचा नंबर ११२ आहे. मिलानमध्ये आपलं भारतीय वाणिज्य दूतावास आहे, त्याचा पत्ता पाकिटात आणि आईकडे, दोन्हीकडे ठेव. आणि आईला हेही सांग की मी राहायचे त्या घरातली खालच्या मजल्यावरची आजी, मी ओल्या केसांनी दारात उभी राहिले की टॉवेल घेऊन धावत यायची. वारा लागून माणूस आजारी पडतो यावर तिचा ठाम विश्वास होता. माझी आई फोनवर ते ऐकून म्हणाली, ‘मग ठीक आहे.’ तिची अर्धी काळजी त्या टॉवेलने मिटली.

तेव्हा आज रात्री एवढंच कर: कॅम्पवाल्यांना थेट मेल. माझ्यासाठी कोणत्या प्रकारचा व्हिसा आणि नुल्ला ओस्ता कोणाच्या नावाने काढणार? राहायचं घर कोणतं? आठवड्यातून पूर्ण सुट्टी किती दिवस? आठवडाभरात उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच धर आणि दुसरा कॅम्प शोधायला लाग. आलं तर मला कळव. मग पोहे आणि मेतकूट किती न्यायचं ते बसून ठरवू, सहा आठवड्यांचा अंदाज माझा पक्का आहे.